डब्यावरची लाख

उत्तमराव, काल तुमचा डबा उघडला.

मागच्या बाजूच्या चारही स्क्रूंवर तुम्ही लाख ओतून ठेवली होती, टपालाच्या पार्सलावर असते तशी, आणि तिच्यावर तुमच्या अंगठीचा ठसा. इतकी वर्षं ती लाख मी फोडली नाही. विश्वास होता म्हणून नव्हे, हे तुम्हालाही माहीत होतं. काल दुपारी जेवण झाल्यावर डबा ओसरीवर घेतला, सुरीच्या टोकानं लाख खरवडली आणि झाकण बाजूला केलं. तुम्हाला जाऊन एकवीस दिवस झाले होते.

तुम्ही किती रेडिओ दुरुस्त केले, किती गावांत तुमचे कर्णे वाजले, हे सांगायला तुमचे झरीचे भाऊबंद आहेत. तेराव्याला ते सांगतही होते, आणि त्यातलं निम्मं तुम्हाला पटलं नसतं. मला तुमच्याशी भांडायचंय. ते राहून गेलं.

मी पूर्णेला रेल्वेत तिकिटांच्या खिडकीवर होतो, आणि सुट्टीच्या दिवशी केरबाच्या गायन पार्टीत गिटार वाजवायचो. हैदराबादहून जुनी घेतलेली विजेवरची गिटार. केरबा गाणार, ढोलकी, पेटी, आणि मी. जयंतीची गाणी, लग्नाची गाणी, आणि त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतराची गाणी. गिटारला आवाज लागतो, म्हणून स्टेशनाजवळच्या तुमच्या दुकानात आलो. लाकडी फळीवर उघडे रेडिओ, आणि तुम्ही पाठमोरे. मी म्हणालो, हैदराबादच्या एका ऑर्केस्ट्रात विलायती अँप्लिफायर ऐकलाय, तसा डबा करून द्या. तुम्ही वळला नाहीत. म्हणालात, "वाजवून दाखवू नका. सांगा. कसा वाटला?"

मला सांगताच येईना. शेवटी म्हणालो, तापल्या तेलात मोहरी पडल्यावर होतं तसं काहीतरी. तुम्ही एक वही काढली आणि तसंच्या तसं लिहून घेतलंत.

ती तुमची फर्माइशींची वही. त्या वहीनं मला तुमच्या दुकानाला बांधून घातलं. नांदेडचा बँजोवाला यायचा, जालन्याचा ऑर्गनवाला यायचा, सगळ्यांचं मागणं एकच: अमक्याच्या डब्यासारखा आवाज द्या. कुणाला टॉकीजच्या पडद्यामागून येतो तो पाहिजे, कुणाला जुन्या मोठ्या रेडिओचा, कुणाला कव्वालीच्या कर्ण्याचा, घोगरा. तुम्ही नाव, गाव आणि माणसाचे शब्द लिहायचा. मग कधीतरी गाडीत बसून त्या गावाला जायचा, कार्यक्रमात मागं उभं राहून एकदा ऐकायचा, आणि परत येऊन तो आवाज बनवायचा. अँप्लिफायर उघडून बघायला कुणी देत नव्हतं आणि तुम्ही कधी मागितलंही नाही. नुसतं ऐकून. मला ते खरं वाटायचं नाही. वाटायचं, तुमचा कुणीतरी आतला माणूस असणार.

माझ्या डब्यात तुम्ही कमाल केली होती. जुन्या रेडिओतलं स्टेशनं बदलायचं बटण काढून बसवलंत, सहा घरांचं. बटण फिरवलं की आवाज बदलायचा. पहिल्या घरात हैदराबादचा विलायती, दुसऱ्यात टॉकीजचा, तिसऱ्यात कर्ण्याचा, चौथ्यात रेडिओचा, पाचव्यात नांदेडच्या बँजोवाल्याचा. सहाव्यात काहीच नाही. बटण तिथं नेलं की डबा मुका. मी विचारलं तर म्हणालात, "ते तुमच्यासाठी ठिवलंय. कुनाचा आवाज पायजे ते ठरलं की सांगा." माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, सहाव्या घरात सगळ्यांत चांगला आवाज आहे आणि तो तुम्ही दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलाय. दरसाल मी नवी फर्माईश घेऊन यायचो आणि शेवटच्या क्षणी मागं घ्यायचो. तुम्ही वहीत लिहायचा आणि खोडायचा.

आणि ती लाख. डबा झाला की झाकण लावायचं, स्क्रू आवळायचे, लाख ओतायची. दुकानातल्या सगळ्यांना तुमचा नियम पाठ होता: लाख फोडलेला डबा तुम्ही पुन्हा हातात धरत नव्हता. नांदेडच्या बँजोवाल्यानं एकदा फोडली, तर त्याला तुम्ही चहा पाजून परत पाठवलंत, डब्यासकट. तो रडकुंडीला आला होता. मी ते बघितलं होतं.

मी संशयी माणूस आहे, उत्तमराव. आमच्याकडं काही लोक जन्मतः असे असतात आणि काहींना गाव तसं करतं. माझं दोन्ही झालं. तुम्ही मला यशवंतराव म्हणायचा. त्या गल्लीत मला राव लावणारे तुम्ही एकटे. बाकीच्यांना यशवंता पुरायचं. मी घरी जाऊन विचार करायचो, हा मान आहे की अंतर. तुमच्या दुकानात दोन कप होते. एकाचा टवका उडालेला, तो तुमचा. दुसरा चांगला, त्यात मला चहा. कितीतरी वर्षं मी त्या चांगल्या कपावर नजर ठेवून होतो, की हा पाहुण्यांसाठी ठेवलाय का माझ्यासाठी वेगळा. झरीचा कुणी आला की त्याला कशात देता ते बघायला मी मुद्दाम रेंगाळायचो. पण तुमच्याकडं कुणी आलं की नेमकी माझ्या ड्युटीची वेळ व्हायची.

सेलूला जिनिंगच्या आवारात गणपतीत एक ऑर्केस्ट्रा ऐकला. त्यांच्या गिटारवाल्यानं माझं तिसरं घर वाजवलं. हुबेहूब. मी दुसऱ्याच दिवशी तुमच्यापुढं उभा राहिलो आणि म्हणालो, माझा आवाज तुम्ही विकलात. तुम्ही कथलानं तार झाळत होता. खाली बघूनच म्हणालात की त्यानं ऐकला, त्याला आवडला, त्यानं मागितला. आणि मी तरी कुठं स्वतःचा मागितला होता, हेही तुम्हीच म्हणालात. पण राग गेला नाही, आणि तुम्हीही तो घालवायला काही केलं नाही.

आता त्या दुपारवर येतो. गावाचं नाव लिहीत नाही. झरीच्या पुढं आहे एवढं पुरे. नामांतराचे मोर्चे निघत होते ती वर्षं, आणि गावोगाव दोन तट पडले होते. केरबाची बहीण त्या गावात दिलेली, तिचा नवरा लिंबाजी यानं कार्यक्रम ठेवला होता. भरदुपारी, विहारासमोर मांडव घालून. आदल्या दिवशी मी डबा तुमच्याकडं आणला होता, कारण तो घुमत होता. तुम्ही विचारलंत, कुठं चाललात. मी गाव सांगितलं. तुम्ही डबा मांडीवर ओढून घेतलात. मग विचारलंत, "अजून ते तिसरं गानं घेताव का? आवाज चढवून?" मी हो म्हणालो. नामांतराचं गाणं आम्ही तिसरंच घ्यायचो. त्यात मी बटण पुढं न्यायचो आणि आवाज पूर्ण चढवायचो. तुम्ही म्हणालात, संध्याकाळी न्या.

मांडवात पाच गावांची माणसं होती. दोन गाणी झाली. तिसऱ्याला केरबानं पहिली ओळ उचलली, मी आवाज चढवला, आणि डबा गेला. माईकही त्यातच जोडलेला, त्यामुळं केरबाचा आवाजही गेला. सगळे म्हणाले, लाईट गेली. पण पलीकडची पिठाची गिरणी चालूच होती, पुकपुक ऐकू येत होती. गेला होता फक्त माझा डबा.

केरबानं माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "फोड ती लाख. फ्यूज गेला आसंल, तार टाक आन् चालू कर."

मी फोडली नाही. लाख फोडली तर तुम्ही पुन्हा डबा धरणार नाही, मग पाच घरांचा तो आवाज मला परत कुठं मिळणार? केरबा म्हणाला, तर मग बिनमाईकचं गातो. ढोलकी आहे की. मी त्यालाही नको म्हणालो. एवढ्या गर्दीत माईकशिवाय काय पोचणार, फजिती होईल, साडेपाचची एसटी आहे, ती धरू. पेटीवाला माझ्या बाजूनं झाला. आम्ही सामान बांधलं. लोक उठले, पांगले, आपापल्या गावाच्या वाटेला लागले. लिंबाजीनं आम्हाला एसटीत बसवून दिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरावर माणसं आली. मांडवाचे खांब उपटले आणि त्याच खांबांनी लिंबाजीचा हात मोडला. तो हात आजही सरळ होत नाही.

चार दिवसांनी मी डबा घेऊन तुमच्याकडं आलो. इथूनच माझा संशय पक्का झाला, ते ऐका. तुम्ही विचारलं नाहीत काय झालं म्हणून. एरवी तुम्ही दहा प्रश्न विचारायचा: घुमतो का, थरथरतो का, तापल्यावर जातो का. त्या दिवशी लाख फोडलीत, झाकण काढलंत आणि सरळ फ्यूजला हात घातलात. तार टाकली, झाकण लावलं, नवी लाख. चहा प्यायलाही बसवलं नाहीत. मी घरी जाईपर्यंत मनाशी ठरवून टाकलं की तुमच्या भाऊबंदांनी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही आमचं गाणं बंद पाडलंत.

तरीही मी तुमच्याकडं येतच राहिलो. दुसरा कुणी ते आवाज बनवू शकत नव्हता, हे एक कारण. दुसरं कारण मला आवडत नाही, पण लिहितो: तुमच्याशिवाय करमत नव्हतं. बारा-तेरा वर्षं मी तुमच्या दुकानात चहा पीत होतो आणि तुम्हाला गुन्हेगार समजत होतो. एकदाच स्टेशनावर, तुम्ही परभणीच्या गाडीची वाट बघत होता तेव्हा, मी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, त्या दिवशी फ्यूज कसा काय गेला हो. तुम्ही म्हणालात, "फ्यूज जायसाठीच आसतो, यशवंतराव." आणि गाडी आली. गाडीसुद्धा तुमच्या बाजूची, असं मला वाटलं.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी दोनदा आलो. दोन्ही वेळा हवापाण्याचं बोललो. तुम्ही माझ्याकडं बघत राहायचा आणि मी खिडकीकडं. मला वाटत होतं, हा माणूस आता बोलेल. तुम्हालाही कदाचित हेच वाटत असेल, की हा विचारेल.

तेरावं झाल्यावर वहिनींनी निरोप धाडला. मला वाटलं, कुणाचा तरी राहिलेला डबा असेल. घरात झरीची चार माणसं बसली होती. चहा आला. चांगला कप तुमच्या थोरल्या भावाच्या हातात होता आणि टवका उडालेला माझ्या. मी तो कप फिरवून फिरवून बघितला. इतक्या वर्षांचा एक हिशोब तिथं चुकला, आणि मला बरं वाटलं. मग वहिनींनी फडक्यात बांधलेली वही आणून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी त्यांनी मागून घेतली होती, काहीतरी लिहिलं, आणि यशवंतरावाला द्या म्हणाले.

माझं पान लगेच सापडलं. वर माझे शब्द: तापल्या तेलात मोहरी. खाली वर्षावर्षाच्या फर्माइशी, लिहिलेल्या आणि खोडलेल्या. सगळी निळी शाई. आणि तळाशी काळ्या शाईत, वेडंवाकडं:

"लिंबाजीच्या मांडवाला फ्यूजच्या तारेचे तीन पदर न घालता एकच घातला. झरीच्या बाजारात ऐकलं होतं की तिसऱ्या गाण्याला दगड येणार. सांगायचं राहिलं."

मी घरी येऊन ते किती वेळा वाचलं ते विचारू नका. पहिल्यांदा वाटलं, तर तुम्ही मला वाचवलंत. हात जोडावेसे वाटले. दुसऱ्यांदा वाचलं आणि शाईकडं लक्ष गेलं. हे तेव्हा नाही लिहिलं, आत्ता लिहिलं. मरताना माणूस स्वतःची बाजू नीट करून ठेवतो, मी बघितलंय. खरंच ऐकलं होतं, की भाऊबंदांचं काम केलंत आणि आता त्याला चांगलं नाव देताय? बघा, तुम्ही गेलात तरी माझी खोड गेली नाही. पण मग त्या थरथरत्या अक्षराकडं बघितलं. इतक्या कष्टानं कुणी खोटं लिहीत नाही, निदान तुम्ही नाही. मी मानलं. सहज मानलं असं समजू नका.

आणि मानल्यावर जास्त राग आला. राहिलं म्हणजे काय, उत्तमराव? समोर बसून होतो की मी. डबा तुमच्या मांडीवर होता. एक वाक्य बोलायचं होतं. तुम्हाला तुमच्या लोकांचं नाव घ्यायचं नव्हतं आणि आमचं डोकं फुटलेलंही बघायचं नव्हतं, म्हणून मधला मार्ग काढलात, एक पदर, आवाज चढवला की जळणारा. जायचं की नाही, गायचं की नाही, दगड आले तर काय करायचं, हे ठरवायचा हक्क आमचा होता. तो तुम्ही डब्यात घालून वरून लाख ओतलीत. मी वाचलो, केरबा वाचला. लिंबाजी तिथंच राहणारा होता. त्याला कुठली एसटी होती?

वही घेऊन केरबाकडं गेलो. त्याला आता नीट दिसत नाही, म्हणून वाचून दाखवलं. मला वाटलं तो तुम्हाला शिव्या देईल, आणि खरं सांगतो, मला त्या ऐकायच्या होत्या. त्यानं माझ्या हातातली वही बोटांनी चाचपली. मग म्हणाला, पाच गावची माणसं बसली होती तोवर कुणाची हिंमत नव्हती दगड उचलायची. गर्दी मोडली आणि त्यांना रान मोकळं झालं. मी म्हणालो, तेच तर, उत्तमरावांनीच.

केरबा म्हणाला, "त्यानं डबा बंद केला, यशवंता. गानं तू बंद केलंस."

उत्तमराव, मी तिथून उठलो आणि चालत घरी आलो. तेरा वर्षं मी तुमच्यावर पाळत ठेवली, कपावर, लाखेवर, तुमच्या गप्प बसण्यावर. एवढी पाळत एकाच माणसावर ठेवायची राहिली होती. तुम्हाला ठाऊक होतं ना, की मी लाख फोडणार नाही? केरबाचं तुम्हाला ठाऊक नव्हतं, तो गायलाच असता. पण मला आवाज किती प्यारा आहे हे तुमच्याइतकं कुणाला कळलं होतं? फ्यूज तुम्ही डब्यात घातला, पण भरवसा माझ्यावर ठेवलात. आणि मी तो खरा करून दाखवला. ह्याबद्दल तुमच्यावर चिडावं की स्वतःवर, माझं अजून ठरत नाही.

म्हणून काल डबा उघडला. फ्यूजला तीन पदर होते, तुम्ही शेवटचे घातलेले. मग सहावं घर बघितलं. त्याच्या टोकाला तारच जोडलेली नव्हती. धूळसुद्धा नव्हती, एवढं ते बंद होतं. त्यात कुणाचा आवाज दडवलेला नव्हता. तुम्ही म्हणाला होतात तसं ते माझ्यासाठीच रिकामं होतं, आणि मी इतकी वर्षं त्यात तुमची लबाडी शोधत होतो. ओसरीवर बसून मला रडू आलं. घरच्यांना वाटलं विजेची तार लागली.

आणखी एक सांगायचं. परवा रेडिओवर विद्यापीठाच्या नावाची बातमी आली. पेढे वाटले, पोरं नाचली. नाव बदललं म्हणावं की नुसतं वाढवलं, यावर आमच्यात आता वाद चालू आहे, आणि मी कुठल्या बाजूला असणार ते तुम्हाला सांगायला नको. लिंबाजीचा निरोप आलाय. त्याच जागी मांडव घालतोय. केरबाला दिसत नसलं तरी तो येणार, आणि तिसरं गाणं तिसरंच घेणार. गावात काय शिजतंय ते आता मला सांगणारं झरीकडचं कुणी नाही. तसं तेव्हाही नव्हतं.

झाकण लावलं, स्क्रू आवळले, लाख ओतली नाही. मग तुमची वही उघडली. माझ्या पानावर तुमच्या काळ्या ओळीखाली चार बोटं जागा शिल्लक होती. माझी फर्माईश ठरली, उत्तमराव. तुमच्याच पद्धतीनं लिहून ठेवलीय:

"यशवंत, पूर्णा. सहावं घर. लिंबाजीच्या मांडवातलं तिसरं गाणं, शेवटच्या कडव्यापर्यंत. आवाज केरबाचा. फ्यूज गेला तरी चालेल."